पुअरहाऊसच्या वहीत खापरपणजी शोधताना

न्यूयॉर्क राज्यातल्या एका काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, इतिहास-कचेरीत मी आठवड्यातून दोन दिवस स्वयंसेवक म्हणून बसते. जुनी दप्तरं काढून देणं, हस्ताक्षर लावून देणं, पत्रांना उत्तरं लिहिणं, असं काम. मागच्या हिवाळ्यात एक मराठी बाई आपल्या सुनेला घेऊन आल्या. सून अमेरिकन, सात-आठ पिढ्यांपूर्वी या राज्यात आलेल्यांच्या आणि त्यानंतर आलेल्यांच्या मिसळीतली. सासूबाई म्हणाल्या, "ताई, आमच्याकडे छापील कुलवृत्तांत आहे, चौदा पिढ्यांचा. हिच्याकडे पणजीच्या पुढे सगळा अंधार. आजी एवढंच सांगायची की पणजीच्या आईचा जन्म 'टेकडीवरच्या घरात' झाला. ते घर कुठलं, ते कळेल का हो?"

टेकडीवरचं घर म्हटल्याबरोबर मी पुअरहाऊसच्या, म्हणजे निराधारांच्या सरकारी घराच्या, वह्यांकडे वळले. अमेरिकेतल्या कितीतरी घरांत या जागेचं नाव घेत नसत. 'टेकडीपलीकडे', 'फार्मवर', 'काउंटीकडे' असे आडपडद्याचे शब्द वापरत. तुमच्या जावयाच्या, सुनेच्या किंवा नातवंडांच्या दुसऱ्या बाजूच्या वंशात असा शब्द ऐकू आला, किंवा एखादी व्यक्ती दोन जनगणनांच्या मधे एकदम नाहीशी झाली, तर या वह्या जरूर उघडाव्यात. कशा, ते सांगते. माझा हात न्यूयॉर्कच्या कागदांवर बसलेला आहे, म्हणून उदाहरणं मुख्यतः तिथलीच.

आधी ही जागा काय होती ते समजून घ्या

पुअरहाऊस म्हणजे सरकारी खर्चानं चालणारं निराधारांचं घर. त्याआधी गरिबांची सोय गावागावात होई, आणि ती सोय ऐकून अंगावर काटा येतो. निराधार माणसाला पोसण्याचा ठेका लिलावात काढत, आणि जो सगळ्यांत कमी पैसे मागेल त्याच्या घरी त्याला पाठवत. 1824 साली न्यूयॉर्कचे सेक्रेटरी ऑफ स्टेट जॉन व्हॅन नेस येट्स यांनी या प्रकाराचा अहवाल विधिमंडळापुढे ठेवला आणि त्याच वर्षी काउंटी पुअरहाऊसचा कायदा झाला. बहुतेक काउंट्यांनी शेतजमीन विकत घेऊन घर बांधलं. राहणाऱ्यांनी शेतात, गोठ्यात, स्वयंपाकघरात राबायचं आणि घराचा खर्च भागवायचा, अशी कल्पना. म्हणून 'पुअर फार्म' हेही नाव.

नावांचा गोंधळ मात्र मोठा आहे. आल्म्सहाऊस, काउंटी फार्म, काउंटी होम ही सगळी एकाच जातीच्या संस्थांची नावं. ओहायोत 1850 नंतर कायद्यानंच 'इन्फर्मरी' म्हणू लागले, त्यामुळे तो दवाखाना समजून पान उलटू नका. मॅसॅच्युसेट्समध्ये गावांची स्वतःची घरं होती आणि शिवाय 1854 मध्ये राज्यानं ट्यूक्सबरी, ब्रिजवॉटर आणि मॉन्सन अशी तीन मोठी घरं उघडली. हेलन केलरच्या शिक्षिका ॲन सलिव्हन आपल्याकडे शाळेतल्या मुलांनाही माहीत असतात. त्या लहानपणी, फेब्रुवारी 1876 मध्ये, धाकट्या भावाबरोबर ट्यूक्सबरीतच दाखल झाल्या होत्या. भाऊ काही महिन्यांत तिथेच गेला. ट्यूक्सबरीच्या दाखल-नोंदी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या लोवेल शाखेनं आता संगणकावर आणल्या आहेत.

इथे राहणारा प्रत्येक जण जन्माचा भिकारी होता, असं मनात धरू नका. बर्फ पडलं की काम सुटलेले शेतमजूर यायचे आणि वसंतात निघून जायचे. म्हाताऱ्या विधवा, पाय मोडलेले सुतार, नवऱ्यानं टाकलेल्या बाया, आणि बाळंतपणाला दुसरा आसरा नसलेल्या मुली यायच्या. काही जण तीन आठवडे राहिले, काही तीस वर्षं. एकच नाव चार-पाच वेळा सापडणं अगदी नेहमीचं आहे, म्हणून पहिली नोंद मिळाली की शोध थांबवू नका.

शोध घरातून सुरू करा, वहीतून नव्हे

नाव, जन्माचं अंदाजे वर्ष, आणि कोणत्या गावात राहात होते, एवढं तरी हातात हवं. घरातल्या सगळ्यांत वृद्ध माणसाशी बोला, पण "आपल्यापैकी कुणी पुअरहाऊसमध्ये होतं का?" असा थेट प्रश्न टाकू नका. पंच्याऐंशी वर्षांची आजी तोंड मिटून घेईल. "त्यांचं बालपण कुठे गेलं? कुणी वाढवलं? घरात कशाबद्दल बोलत नसत?" असं विचारा. या सुनेच्या आजीनं टेकडीची आठवण अशाच एका गप्पांत सांगितली होती, वांगी चिरता चिरता.

मग जनगणना. 1850 पासून घरातल्या प्रत्येकाचं नाव आहे. 1850 आणि 1860 च्या तक्त्यांत उजवीकडच्या एका रकान्यात 'पॉपर', म्हणजे सरकारी मदतीवर जगणारा, असा शेरा असे. 1880 पासून घराच्या प्रमुखाशी नातं लिहू लागले, आणि संस्थेत राहणाऱ्यापुढे 'इनमेट' किंवा 'पॉपर' येऊ लागलं. 1890 ची जनगणना आगीत आणि नंतरच्या हलगर्जीत जवळपास सगळी गेली, त्यामुळे 1880 ते 1900 हे वीस वर्षांचं खिंडार राहतं. न्यूयॉर्कपुरतं ते 1892 च्या राज्य जनगणनेनं थोडं बुजवता येतं. सगळ्यांत नवी खुली जनगणना 1950 ची, ती 2022 मध्ये खुली झाली.

एक युक्ती सांगते, ती कुठे लिहिलेली सहसा दिसत नाही. माणसाचं नाव शोधून मिळालं नाही तर पुअरहाऊसच्या व्यवस्थापकाचं नाव शोधा. त्याला 'कीपर' म्हणत. तो आणि त्याचं कुटुंब यादीत आधी येतं आणि त्याच्याखाली रहिवाशांची नावं ओळीनं येतात. कीपरचं नाव स्थानिक वर्तमानपत्रात किंवा काउंटीच्या वार्षिक कामकाजाच्या छापील पुस्तकात सहज मिळतं. ती पानं हाती आली की प्रत्येक नाव डोळ्यांनी वाचा, कारण सूची करणाऱ्यांनी वाकडीतिकडी वाचलेली नावं शोधयंत्राला कधीच सापडत नाहीत.

1880 च्या जनगणनेला एक वेगळी पुरवणी जोडलेली आहे. तिचं अधिकृत नाव 'डिफेक्टिव्ह, डिपेंडंट अँड डेलिंक्वंट क्लासेस'. वाचून राग येतो, पण ती सोडू नका. तीत निराधारांचा स्वतंत्र तक्ता आहे: मूळ राहणार कुठला, खर्च कोण करतो, संस्थेत केव्हा आला, अंगमेहनत जमते का, आणि त्याच संस्थेत आई, बाप, नवरा, बायको, मुलं, भावंडं यांपैकी आणखी कोण आहे. शेवटच्या या प्रश्नानं मी आजवर कितीतरी विखुरलेली कुटुंबं जुळताना पाहिली आहेत.

खुद्द वह्या

न्यूयॉर्कचं भाग्य असं की 1875 पासून इथल्या काउंट्यांना प्रत्येक रहिवाशाची ठरावीक छापील तक्त्यात नोंद करावी लागे आणि ती राज्याच्या धर्मादाय मंडळाकडे जाई. हे तक्ते 1921 पर्यंतचे आहेत. ते ऑल्बनीच्या राज्य अभिलेखागारात आहेत आणि अँसेस्ट्री या वंशावळीच्या संकेतस्थळावर त्यांची छायाचित्रं आहेत. अँसेस्ट्रीला पैसे पडतात, पण न्यूयॉर्कमध्ये राहणाऱ्यांना राज्य अभिलेखागाराच्या संकेतस्थळावरून झिप कोड घालून या राज्याच्या नोंदी मोफत पाहता येतात. बाकीच्यांनी जवळच्या सार्वजनिक वाचनालयात विचारावं, पुष्कळ ठिकाणी तिथल्या संगणकावर अँसेस्ट्री फुकट असते. फॅमिलीसर्च हे तसंच दुसरं संकेतस्थळ तर सगळ्यांनाच मोफत आहे. तिथे सूचीत नसलेल्या पुष्कळ वह्यांची छायाचित्रं नुसती पानं उलटत बघता येतात, त्यामुळे नाव टाकून काही आलं नाही तर काउंटीच्या नावानं त्यांची ग्रंथसूची उघडा.

एका माणसाचा तक्ता कसा दिसतो? सुनेच्या शोधात जो सापडला तोच सांगते. फेब्रुवारी 1879. तपकिरी पडलेली शाई, उजवीकडे झुकलेली अक्षरं. बाई, वय 26, अविवाहित. जन्म आयर्लंड. कोणत्या बंदरात उतरली: न्यूयॉर्क. देशात किती काळ: सहा वर्षं. काउंटीतल्या कोणत्या गावाहून आली, त्या गावाचं नाव. लिहिता-वाचता येत नाही. वडिलांचं जन्मस्थान, आईचं जन्मस्थान. वडिलांचा धंदा: मजूर. वडिलांच्या सवयी, आईच्या सवयी: 'माहीत नाही'. भावंडं स्वतःच्या पायावर उभी आहेत का? 'एक बहीण, मोलकरीण'. आश्रयाला येण्याचं कारण: 'गरोदर आणि निराधार'. काय काम करू शकते: 'सर्व प्रकारचं घरकाम'. आणि शेवटचा प्रश्न, या माणसाचं पुढे काय होईल असं वाटतं? कारकुनानं लिहिलं होतं, 'बाळंतपणानंतर सुटेल'.

सून ते शेवटचं वाक्य दोनदा वाचून गप्प बसली.

हे प्रश्न असे का, ते माहीत असलं तर वाचणं सोपं जातं. मंडळाचे सचिव डॉ. चार्ल्स हॉइट यांनी 1874-75 मध्ये राज्यातल्या पुअरहाऊसांतून हिंडून रहिवाशांची पाहणी केली होती. दारिद्र्य बापाकडून मुलाकडे रक्तातून येतं का, दारू आणि आळस ही त्याची मुळं का, हे त्यांना दाखवायचं होतं. म्हणून आईबापांच्या सवयी, नातेवाइकांची स्थिती, पूर्वी कुठल्या संस्थेत होता का, अशी कसून विचारपूस. हेतू पूर्वग्रहाचा होता, पण त्या चौकशीमुळे एका निरक्षर मोलकरणीच्या आईबापांची आणि बहिणीची माहिती कागदावर आली. त्या काळच्या किती खाऊनपिऊन सुखी अमेरिकन घरांकडे इतका तपशील असतो? आपल्याकडेही कुलवृत्तांत निघाले ते वतनं, वाडे आणि शिकलेली माणसं असलेल्या घराण्यांचे. सासरी राबणाऱ्या बायकांची माहेरची नावंही त्यांत पुष्कळदा नाहीत.

म्हणून या वहीतले दोन भाग मनात कायम वेगळे ठेवा. वय, गाव, बंदर, नातेवाईक, दाखल झाल्याची तारीख ही तुमच्या माणसाची माहिती. 'कारण', 'सवयी' आणि 'भवितव्य' हे रकाने म्हणजे कारकुनाचं मत. 'इंटेंपरेट', म्हणजे दारुडा, हा शेरा मी एकाच वहीत ओळीनं बारा आयरिश नावांपुढे पाहिला आहे, त्याच पेननं, 'वरीलप्रमाणे'च्या खुणा करून. असा शेरा वंशवृक्षात सत्य म्हणून उतरवू नका. उतरवायचाच तर 'वहीतला शेरा' असं लिहून उतरवा.

हस्ताक्षर आणि शब्द

मोडी वाचायला शिकलेल्यांना हे लगेच कळेल: आधी एकाच कारकुनाची ओळखीची अक्षरं पकडायची. महिन्यांची नावं, 'आयर्लंड', 'जर्मनी', काउंटीतली गावं, हे शब्द पुन्हा पुन्हा येतात. त्यांवरून त्याचा मोठा एल, मोठा एस, टी आणि एफ कसा असतो ते कागदावर काढून ठेवा, मग नावाकडे वळा. नाव ऐकू आलं तसं लिहिलेलं असतं. सांगणाऱ्याला लिहिता येत नव्हतं आणि लिहिणाऱ्याला तो उच्चार कळत नव्हता. 'ओ' आणि 'मॅक' गळतात, जर्मन आडनावं इंग्रजी वळणानं येतात, ब्रिजेट ही 'डेलिया' किंवा 'बिडी' होते, मार्गारेट 'पेगी' होते.

काही शब्द अडतात. 'कन्झम्प्शन' आणि 'थायसिस' म्हणजे क्षय. 'ड्रॉप्सी' म्हणजे अंगावर सूज, पाणी भरणं. 'डेबिलिटी' म्हणजे अशक्तपणा, आणि म्हाताऱ्या माणसापुढे तो बहुधा नुसता वयाचा पर्याय. 'लाइंग-इन' म्हणजे बाळंतपण. पुअरहाऊस सोडण्याच्या रकान्यात 'डिस्चार्ज्ड' असेल तर रीतसर सुटला, 'ॲब्स्काँडेड' असेल तर न सांगता निघून गेला. 'बाउंड आउट' दिसलं तर जपून वाचा. मूल दुसऱ्या घरी कराराने काम करायला दिलं, असा त्याचा अर्थ. असे करार कधीकधी वेगळ्या वहीत टिकलेले असतात आणि त्यांत मालकाचं नाव असतं.

मुलं शोधत असाल तर एक वर्ष पाठ करा: 1875. त्या वर्षीच्या कायद्यानं न्यूयॉर्कनं 3 ते 16 वयाच्या मुलांना पुअरहाऊसमध्ये ठेवायला मनाई केली. त्यानंतरची मुलं अनाथाश्रमांत किंवा कुटुंबांत गेली, तर काही त्याआधीपासून सुरू असलेल्या आगगाड्यांनी पश्चिमेकडच्या राज्यांत पाठवली गेली. मनोरुग्णांचंही तसंच. सेनेका सरोवराकाठचं विलार्ड हे मनोरुग्णालय 1869 मध्ये उघडलं आणि 1890 च्या कायद्यानं अशा रुग्णांची जबाबदारी राज्यानं घेतली. तिथल्या वैद्यकीय नोंदी गोपनीयतेच्या नियमांत अडकतात, त्यामुळे त्यासाठी वेगळा अर्ज आणि बरीच चिकाटी लागते.

वही सापडत नसेल तर

काउंटीची हद्द तपासा. 1899 पूर्वी नॅसाऊ काउंटी नव्हतीच, तो भाग क्वीन्समध्ये होता. स्कायलर काउंटी 1854 मध्ये शेजाऱ्यांतून कापून काढली. न्यूबेरी ग्रंथालयाचा जुन्या काउंटी-सीमांचा नकाशासंग्रह संगणकावर मोफत आहे. त्यात तारीख घातली की त्या दिवशीची हद्द दिसते.

मग पत्र लिहा. न्यूयॉर्कमध्ये काउंटी आणि गावांना अधिकृत इतिहासकार असतो, आणि वही कुठल्या तळघरात आहे ते बहुधा त्यालाच माहीत असतं. इतरत्र काउंटी क्लार्क, ऐतिहासिक संस्था, राज्याचं अभिलेखागार या क्रमानं विचारा. पत्र छोटं ठेवा: नाव आणि त्याची संभाव्य रूपं, जन्मवर्ष, गाव, कोणत्या वर्षांत शोधायचं, आणि एकच प्रश्न. आमच्या कचेरीत अकरा पानी वंशवृक्ष जोडलेली पत्रं येतात. त्यांत नेमकं काय हवंय ते शोधण्यातच आमचा दिवस जातो.

वही जळाली असेल तरी हिशेब राहतात. काउंटीच्या पर्यवेक्षकांच्या वार्षिक छापील कामकाजात पुअरहाऊसची बिलं असतात: शवपेट्या, बूट, डॉक्टरची फी. गावांच्या 'ओव्हरसियर ऑफ द पुअर'च्या, म्हणजे गरिबांची मदत सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याच्या, वह्यांत घरी बसल्या दिलेलं पीठ आणि लाकूड नावानिशी लिहिलेलं सापडतं. आणि हा माणूस मूळ कुठल्या गावचा, त्याचा खर्च कुणी करायचा, यावर गावागावांत भांडणं होत. न्यू इंग्लंडमध्ये, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि त्याच्या आसपासच्या राज्यांत, त्या भांडणांतल्या जबान्यांत माणसाचा अर्धा जन्म वाचायला मिळतो.

मृत्यूची नोंद न्यूयॉर्क राज्यात 1880 पासून मिळते, पण कबर मिळेलच असं नाही. पुअरहाऊसच्या दफनभूमीत नावाऐवजी आकड्यांचे दगड असत, कुठे तेही नसत. मिलवॉकी काउंटीच्या पुअर फार्मच्या दफनभूमीत 1991-92 मध्ये खोदकाम झालं तेव्हा 1,649 जणांचे अवशेष निघाले. आणखी एक कटू गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे कागदावर अचानक दिसली तर धक्का बसणार नाही: 1854 च्या न्यूयॉर्कच्या कायद्यानं पुअरहाऊसमधली बेवारस प्रेतं वैद्यकीय महाविद्यालयांना देता येत. मृत्यू आहे आणि दफन नाही, याचा अर्थ कधीकधी तो असतो.

एकाच नावाची दुसरी बाई

माझ्या कामाच्या सुरुवातीच्या काळात, दुसऱ्याच एका कुटुंबाच्या शोधात, मी दोन महिने एका बाईच्या मागे होते आणि ती आम्हाला हवी असलेली बाई नव्हतीच. नाव तेच, वय तेच, काउंटीही तीच. पहिल्याच दिवशी मी बहिणीचा रकाना वाचला असता तर चूक कळली असती, आम्हाला हव्या असलेल्या बाईला बहीण नव्हती. तेव्हापासून माझा नियम असा की नाव आणि वय यांशिवाय तिसरा दुवा जुळल्याखेरीज पुढे जायचं नाही. गाव, नातेवाईक, धर्म, बंदर, काहीही चालेल. पानाचं छायाचित्र घेताना पूर्ण पान घ्या, शेजारचं पानही घ्या आणि वहीचं मुखपृष्ठ, खंड आणि पृष्ठक्रमांक टिपून ठेवा.

शेजारच्या पानाचं महत्त्व या सुनेच्या बाबतीत दिसलं. आईची नोंद 14 फेब्रुवारीची, आणि पान उलटल्यावर मार्चमध्ये तिच्याच आडनावाची दुसरी: 'मुलगी, जन्म येथेच'. वय 2 दिवस. दोघी मे महिन्यात एकाच तारखेला 'डिस्चार्ज्ड'. 1880 च्या जनगणनेत त्याच गावात एका शेतकऱ्याच्या घरी आई मोलकरीण म्हणून सापडली, आणि तिच्याखाली एक वर्षाची मुलगी. बाप कोण, ते कुठेच नाही. कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्मा-वहीत मुलीची धर्ममाता म्हणून जी बाई आहे तिचं आडनाव तेच. मला वाटतं, तक्त्यातली मोलकरीण बहीण हीच. टेकडीवर जन्मलेली ती मुलगीच सुनेची खापरपणजी.

सासूबाईंनी त्या पानाची प्रत मागून घेतली आणि घरी कुलवृत्तांताच्या कपाटातच ठेवली, असं सुनेनं नंतर सांगितलं. आता तिला बाईचं आयर्लंडमधलं गाव हवं आहे. आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं कॅथलिक पॅरिशांच्या जुन्या वह्या संकेतस्थळावर मोफत ठेवल्या आहेत, आणि दोन बहिणींची नावं हाताशी असल्यामुळे आम्ही 1853 च्या आसपासची पानं एकेक करून वाचतो आहोत.